दोन शेतांचं अंतर

गेणूआबा मारकड बारामतीतल्या माझ्या फोटो स्टुडिओत पहिल्यांदा आले तेव्हा मी त्यांना हसलो होतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण मागाहून सांगायचं म्हटलं की माझी जीभ अडते.

साल शहाण्णव. दिवाळी नुकतीच झालेली. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू, आणि माझा फ्लॅश नेमका त्याच आठवड्यात बंद पडलेला. पासपोर्ट फोटोला आलेल्या एका बाईनं तीन वेळा डोळे मिटले होते. वर मलाच म्हणाली, तुमचा दिवा डोळ्यांत जातो. मी वैतागून बसलो होतो, तेवढ्यात दारात एक उंच, वाळका म्हातारा येऊन उभा राहिला. डोक्याला लाल पटका, खांद्यावर घोंगडी, हातात कानापर्यंत पोचणारी काठी. काठी बाहेर ठेवावी की आत आणावी, या विचारात तो बराच वेळ उंबऱ्यावरच थांबला. मी म्हटलं, या आत, काठीला तिकीट नाही.

आत येऊन त्यांनी घोंगडीच्या घडीतून एक कॅमेरा काढला आणि काउंटरवर ठेवला. मी चाटच पडलो. पेंटॅक्स होता, सगळं हातानं फिरवायचं असलेला, शिकाऊ माणसाला द्यावा असा, पण दणकट. अंथुर्ण्याच्या पलीकडं, माळाच्या कडेला आबांचं घर. पुण्याचे एक बँकेतले साहेब त्या माळावर लांडग्यांचे फोटो काढायला यायचे आणि आबा त्यांना वाट दाखवायचे. साहेबांची बदली झाली, तेव्हा जाताना त्यांनी हा जुना कॅमेरा आबांना देऊन टाकला. फिल्म कशी भरायची, उजेड मोजणारी आतली सुई मधोमध कशी आणायची, एवढं शिकवलं आणि गेले. आबांनी तो तीन वर्षं पेटीत ठेवला होता, एकही फोटो न काढता.

"दोन शेतांवरनं एक मेंढरू वळखू यील, असलं भिंग पायजे," आबा म्हणाले.

तेव्हा मी हसलो. म्हटलं, आबा, मेंढरं सगळी एकसारखी, जवळून तरी कुठं ओळखू येतात? ते रागावले नाहीत. भिंतीवरच्या माझ्या लग्नाच्या फोटोंवरून एकदा नजर फिरवून म्हणाले, मलाबी तुमचे हे सगळे नवरा-नवरी एकसारखेच दिसत्यात. मग बाकावर बसले आणि कशासाठी पाहिजे ते सांगितलं. सांगताना आवाज चढला नाही की पडला नाही, बाजारभाव सांगावा तसं सांगत होते.

आबांना मूलबाळ नव्हतं. ते आणि त्यांची बायको छबूबाई, दोघांनी मिळून सगळा जन्म मेंढरांमागं काढला. दिवाळी झाली की कळप घेऊन घाट उतरायचा, पाऊसकाळाच्या तोंडाला परत यायचं. कळपाला दोन माणसं लागतात, एक पुढं, एक मागं. छबूबाई पुढं, घोड्यावर संसार लादून, आबा मागं. दोन वर्षांपूर्वी छबूबाई कावीळ होऊन गेल्या. तेव्हापासून पुढं कुणी नव्हतं. आबांचे गुडघे गेले होते, माळाला निम्म्याहून जास्त तारेचं कुंपण पडलं होतं. शेवटी त्यांनी कळप विकायचं ठरवलं. लोणी भापकरचे अप्पा म्हणून त्यांच्याच जातीतले एक भले गृहस्थ होते, त्यांनी साठच्या साठ मेंढरं घ्यायचं कबूल केलं. एकच अट घातली. पुढच्या दिवाळीपर्यंत आबांनी मेंढरांच्या जवळ जायचं नाही आणि हाक मारायची नाही.

मी म्हटलं, ही कसली अट? माणूस आहात का चोर? तर आबा म्हणाले, अट बरोबर हाय. पूर्वी एकदा त्यांनी भावकीत दहा मेंढ्या दिल्या होत्या. त्याच आठवड्यात आबा तिकडून चालले होते, मेंढ्यांनी त्यांचा आवाज ऐकला आणि वाघर तोडून, म्हणजे रात्री भोवती लावतात ती जाळी तोडून, त्या चार मैल पळत घरी आल्या. त्यात एक गाभण होती. ती वाटेतच गळाठली, पिलूही गेलं. धनी बदलला की मेंढरानं जुना माणूस विसरायला पाहिजे, नाहीतर ते चारा सोडतं. हे धनगराच्या पोराला कुणी शिकवावं लागत नाही.

"मेंढरांचं काय वाटत न्हाय एवढं," आबा म्हणाले. "पर त्यात टिकली हाय."

टिकली म्हणजे चार वर्षांची मेंढी. अंगानं काळी कुळकुळीत आणि कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका. घाटात तिची आई दरीत पडली तेव्हा ती एका दिवसाची होती. छबूबाईंनी तिला शेळीच्या दुधात चिंधी बुडवून पाजलं आणि रात्री आपल्या अंथरुणात घेतलं. छबूबाई गेल्यावर टिकलीनं दोन दिवस तोंडात काडी धरली नव्हती. आबाही जेवले नसणार, पण ते त्यांनी सांगितलं नाही. आता टिकली गाभण होती. होळीच्या आसपास व्यायची होती आणि आबांना तिला एकदा बघायचं होतं, नीट खातीय का, पाय बरे आहेत का, एवढंच. शब्दही मोडायचा नव्हता. दोन शेतांच्या आत माणूस आला की मेंढराला कळतं, तेव्हा दोन शेतं लांब उभं राहायचं आणि भिंगातून बघायचं, असा त्यांचा हिशेब. फोटो एवढ्यासाठी की एकदा बघितल्यावर घरी नेऊन परत बघता येईल.

आता ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांना थोडं सांगतो. कॅमेऱ्याबरोबर येते ती साधी लेन्स डोळ्यांना दिसतं तेवढंच दाखवते. लांबचं जवळ आणायला टेलिफोटो लागते, आणि ती झूम असेल तर एक कडं पुढंमागं सरकवून कमी-जास्त जवळ आणता येतं. नवशिक्या माणसाला वाटतं, जितकी जास्त लांबची तितकी चांगली. तसं नसतं. लांबची लेन्स हातात जरा थरथरली तरी फोटो पुसल्यासारखा येतो. स्वस्तातली असली तर उजेडही कमी घेते, मग सकाळ-संध्याकाळचं काळं मेंढरू काळ्या जमिनीत बुडून जातं. आबांच्या कॅमेऱ्याला बसतील अशा दोन लेन्स मला ठाऊक होत्या. एक दोनशे दहा मिलिमीटरपर्यंत जाणारी, चांगल्या काचेची, भरपूर उजेड घेणारी. दुसरी तीनशेपर्यंत जाणारी, लांबलचक आणि जड. ती पुण्याहून मागवावी लागणार होती.

मी आबांना वर सांगितलं ते सगळं समजावून सांगितलं आणि दोनशे दहाचीच घ्या म्हणून बजावलं. सांगितलं त्यात खोटं काहीच नव्हतं. पण ती दोनशे दहाची लेन्स माझ्याच कपाटात तीन वर्षं पडून होती, हे मी बोललो नाही. एका हौशी डॉक्टरनं मागवायला लावली आणि मग घेतली नाही. रोज कपाट उघडलं की ती माझ्याकडं बघायची आणि माझं पित्त खवळायचं.

आबा म्हणाले, बघून घेऊ का? कोकरू घेतानाबी दात बघत्यात. मला राग आला, पण त्यांचं चुकत नव्हतं. सोमवारी दुकान बंद असतं, म्हणून लेन्स घेऊन लुनावरून अंथुर्ण्याला गेलो. कळप त्या आठवड्याच्या शेवटी जाणार होता.

माळावर गवत पिवळं पडलं होतं. आबांच्या भोवती मेंढरं पसरलेली. मी लेन्स लावून दिली आणि म्हटलं, आधी टिकलीचाच एक घ्या, अजून तुमचीच आहे. आबांनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि तिथंच घोटाळा झाला. ही लेन्स पाच फुटांच्या आतलं धरत नाही. आबा दोन पावलं मागं सरकले की टिकली तीन पावलं पुढं यायची. ते आणखी मागं, ती आणखी पुढं. शेवटी ती त्यांच्या मांडीला नाक लावून उभी राहिली आणि तिच्यामागं आख्खा कळप. आबा काचेतून बघत म्हणाले, नुसतं काळं दिसतंय. मी पोट धरून हसलो. तेही हसले. आबांना हसताना मी पाहिलं ते तेवढंच.

मग मी मेंढरांजवळ थांबलो आणि आबांना लांब पाठवलं. आमच्याकडची शेतं काही मैदानं नव्हेत, भावाभावांत वाटण्या होऊन पट्ट्या उरलेल्या. माळाला लागून अशा दोन पट्ट्या होत्या. एक पट्टी ओलांडून त्यांनी हात वर केला, म्हणजे टिकली ओळखू आली. दुसरी ओलांडून बराच वेळ काचेतून बघत राहिले आणि मग परत आले.

"मेंढरं दिसत्यात. टिकली कंची ते कळत न्हाय. अजून जरा जवळ आणणारं न्हाय का?"

त्या वेळी मला म्हणता आलं असतं, आहे, तीनशेची आहे, आठ दिवस थांबा. त्यांनी जे मागितलं होतं ते नेमकं तेवढंच होतं. पण माझ्या डोळ्यांपुढं कपाट होतं. मी म्हटलं, आबा, एक शेत अलीकडं उभं राहा, काय बिघडतंय? मेंढरं काय दुर्बीण लावून बसतात? वरून शहाणपण शिकवलं. म्हटलं, हात थरथरतोय तुमचा, तर ही काठी कशाला आहे? काठी पुढं रोवा, तिच्या टोकावर लेन्स टेकवा, फोटो खडकासारखा स्थिर येईल. पुण्यात लोक पैसे देऊन असली एका पायाची घोडी विकत घेतात.

हे त्यांना पटलं. काठीवर रेलून, एका पायाचं पाऊल दुसऱ्या गुडघ्याला लावून तासन्‌तास उभं राहण्यात त्यांचा जन्म गेलेला. त्यांनी तसं उभं राहून लेन्स टेकवून दाखवली. कमाल स्थिर होती. मी स्वतःवर खूश झालो. तुमी म्हणताल तसं, असं म्हणून आबांनी पैसे मोजून लेन्स घेतली. मी त्यांना काळ्या-पांढऱ्या फिल्मचे दोन रोल दिले, कारण ते मी माझ्या अंधाऱ्या खोलीत स्वतः धुऊ शकत होतो.

शनिवारी अप्पा येऊन कळप घेऊन गेले. मी तिथं नव्हतो, पण नंतर ऐकलं की आबा त्या दिवशी पहाटेच घरातून निघून कालव्याच्या कडेला जाऊन बसले होते, मेंढरांना आपला वास येऊ नये म्हणून. परत आले तेव्हा वाघर तशीच लावलेली होती आणि आत कुणी नव्हतं. ती गुंडाळायला त्यांना आठवडा लागला.

त्या हिवाळ्यात ते दोनतीनदा बारामतीला आले. बाजारात काही काम नसायचं. बाकावर बसायचे, चहा घ्यायचे. मी एकदा म्हटलं, आबा, घरी करमत नाही वाटतं? ते म्हणाले, रातचं सारखं जाग येती. एवढी वर्षं मेंढरांच्या आवाजात झोपलो, आता गप्प वाटतं. मी विषय बदलून फिल्म दाखवा म्हटलं. त्यांनी अजून एकही फोटो काढला नव्हता. फिल्म फुकट घालवायची न्हाय, म्हणाले. एका लग्नाच्या कामासाठी व्हिडिओवाल्याची माणसं दारात उभी होती, मी उठलो. तेव्हा अजून थोडा वेळ त्यांच्याजवळ बसलो असतो तर आज जरा बरं वाटलं असतं.

होळीनंतर चार दिवसांनी आबा आले. काउंटरवर रोल ठेवला, धुवा एवढंच म्हणाले आणि बसले. नेहमीसारखा चहाही घेतला नाही. पटका नव्हता डोक्याला, पांढरी टोपी होती, आणि अंगात कुणाचा तरी जुना कोट. मी विचारलं, हे काय सोंग? त्यांनी रोल माझ्याकडं आणखी पुढं सरकवला.

मी आत जाऊन फिल्म धुतली, वाळवली आणि सगळे फोटो एकाच कागदावर लहान लहान छापून घेतले. लाल दिव्याखाली कागद पाण्यात हलवत होतो तसं एकेक चित्र वर यायला लागलं, आणि बाहेर बसलेल्या माणसानं तोंडानं जे सांगितलं नव्हतं ते मला तिथंच कळायला लागलं.

पहिल्या सहा फोटोंत नुसतं शेत आणि पलीकडच्या कडेला काळे ठिपके. हे दोन शेतांवरून. पुढच्या चारांत ठिपके मोठे झाले होते, माना खाली घालून चरणारी मेंढरं. म्हणजे आबा एक शेत अलीकडं आले होते. त्यातल्या एका फोटोत एक मान वर झालेली. पुढच्यात ती मेंढी कळपातून बाहेर पडलेली. मग पळत येणारी. मग आणखी मोठी, कपाळावरचा ठिपका स्पष्ट, पोट दोन्ही बाजूंनी फुगलेलं. मग फक्त तोंड, तेही पुसट. मग तीन फोटो नुसते काळे. तिथं माझा हात थांबला. माळावर आपण ज्याला हसलो होतो ते हेच काळं.

त्यानंतर एकच फोटो होता. तो इतका चांगला होता की मी भिंग लावून बघितला. नांगरलेल्या रानात टिकली एकटी उभी आहे. वीसेक पावलांवर असेल. चारही पाय रोवलेले, पोट जड, कान पुढं, आणि नजर सरळ कॅमेऱ्यात. लोकरीचा केसन्‌केस दिसत होता. त्या लेन्सला आवडतं ते बरोबर तेवढंच अंतर. पुढची सगळी फिल्म कोरी होती.

बाहेर येऊन मी आबांच्या शेजारी बसलो आणि काय झालं ते विचारलं. वडगाव निंबाळकरच्या शिवारात एका बागायतदारानं लेंड्यांच्या खतासाठी अप्पांची मेंढरं रानात बसवली होती. आबा एसटीनं तिथं गेले. वास नको म्हणून घोंगडी घरी ठेवली, पटका नको म्हणून टोपी घातली, शेजाऱ्याचा कोट मागून घेतला. वारं मेंढरांकडून आपल्या अंगावर येईल अशी बाजू धरली. यात त्यांनी काहीच चुकवलं नव्हतं. दोन शेतांवरून टिकली कळेना, म्हणून एक शेत अलीकडं आले. अलीकडं आल्यावर हात थरथरायला लागला, म्हणून काठी रोवली, पाय गुडघ्याला लावला आणि लेन्स टेकवली.

"तिनं उभं राहन्यावरनं वळखलं," आबा म्हणाले. "मी हाक न्हाय मारली, रामहरी. शपथ. तोंडातनं चकार शब्द न्हाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मीच सांगितलं होतं अलीकडं व्हा म्हणून. काठीही मीच टेकवायला लावली होती. असा काठीवर रेललेला माणूस तिनं जन्मल्यापासून बघितला होता, टोपी घातली काय आणि कोट घातला काय.

टिकली येऊन मांडीला चिकटली. आबांनी तिला हात लावला नाही. तसेच वळून चालायला लागले, तर ती मागं. थांबले की थांबायची. तिकडं कळपातली आणखी चार-पाच मेंढरं माना वर करून बघायला लागली होती आणि अप्पांचा माणूस बांधावर झोपला होता. ती चार-पाच पळत आली असती तर सगळीच आली असती, डांबरी रस्ता मधे, ट्रॅक्टर चाललेले, आणि हिचे दिवस भरलेले. अप्पांच्या माणसाला हाक मारावी, तर आवाज ऐकून आख्खा कळप उठला असता.

आबा पुढचं सांगताना माझ्याकडं बघत नव्हते. बाकाच्या फळीवर अंगठा घासत होते.

"मग मी ढेकूळ उचललं," ते म्हणाले. "आयुष्यात मेंढराला काठी लावली न्हाय. छबूनं लावू दिली नसती. पयलं तिच्या पायाजवळ टाकलं, तर तिला वाटलं खायला टाकलंय. वास घ्यायला लागली. मग दुसरं मारलं. मानंवर बसलं."

ती मागं पळाली आणि वीस पावलांवर थांबली. वळून उभी राहिली. आबा म्हणाले, तिला कळंना, मलाबी कळंना. कॅमेरा गळ्यात होता. डोळ्यांतून पाणी येत होतं, नुसत्या डोळ्यांनी काही दिसत नव्हतं, म्हणून काचेतून बघितलं आणि बटण दाबलं. मग तिसरं ढेकूळ उचललं, तशी ती कळपात गेली.

मी आत जाऊन तो फोटो मोठा केला, माझ्याकडच्या सगळ्यात चांगल्या कागदावर, आणि आणून त्यांच्या हातात दिला. आबांनी तो लांब धरून बघितला. मान, पाय, पोट, सगळं निरखलं. म्हणाले, खातीपिती बरी हाय. अप्पा चांगला ठेवतोय. मग फोटो काउंटरवर ठेवला.

"ह्यो तुमच्याकडंच असू द्या. त्यात ती माझ्याकडं बघतीया."

लेन्सही काढून ठेवली आणि कॅमेराही. मी बरंच सांगून पाहिलं, पैसे परत घ्या म्हटलं, ते ऐकायला तयार नव्हते. काठी घेतली आणि गेले. काउंटरवर लेन्स, कॅमेरा आणि टिकली अशी तिघं राहिली, चौथा मी. त्या दिवशी मी गिऱ्हाइकांवर फार ओरडलो.

पुण्याला चिठ्ठी धाडून मी तीनशेची लेन्स मागवली. महिन्याभरात आली. पण ती घेऊन आबांकडं जायचं धाडस होईना. मे महिन्यातली लग्नं झाली, पाऊस झाला, गणपती झाले, मी रोज उद्यावर ढकलत होतो. मधे लोणीहून फोटोला आलेल्या एका पोरीकडून कळलं, टिकली व्यायली, दोन कोकरं झाली, तिन्ही जिवंत. ही बातमीसुद्धा मी पोस्टकार्डावर लिहून पाठवली. माझ्यासारखा तोंडाळ माणूस पोस्टकार्डावर आला.

दिवाळी झाली, अट संपली. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मी लुना काढली. कॅमेरा, तीनशेची लेन्स, तो फोटो आणि आईनं बांधून दिलेला फराळ घेऊन अंथुर्ण्याला गेलो. आबा घरापुढं उभे होते, काठीवर रेलून, एक पाऊल गुडघ्याला लावून, माळाकडं तोंड करून. समोर काहीच नव्हतं. वाघर भिंतीला गुंडाळून ठेवलेली, तिच्यावर कोंबडी बसली होती.

मी म्हटलं, आबा, चला लोणीला. आता जवळ जायला बंदी नाही, अप्पांनी स्वतः निरोप दिलाय. तिची कोकरं बघून येऊ. आबांनी फराळाचा डबा घेतला, बसा म्हणाले, चुलीवर चहाचं भांडं ठेवलं. पत्र मिळालं का विचारलं, तर फळीवरून पोस्टकार्ड काढून दाखवलं. घडी करून करून ते चार तुकड्यांत आलं होतं.

"पाय निघत न्हाय," ते म्हणाले. "मला बघितलं की तिला वाटंल, पुन्हा मारायला आलाय."

मी म्हटलं, अहो, जनावर आहे, एव्हाना विसरलं असेल. आबा म्हणाले, विसरली असंल तर कशाला जायचं, आन् विसरली नसंल तर कुठल्या तोंडानं जायचं?

मग मी आपला हट्टानं कॅमेरा काढला, त्याला तीनशेची लेन्स लावली आणि म्हटलं, ही बघा, तुम्ही मागितली होती ती. पहिल्या दिवशीच द्यायला पाहिजे होती. ती दुसरी माझ्या कपाटात पडून होती, खपवायची होती म्हणून मी तुमच्या गळ्यात मारली. दोन शेतांवरून दिसतं हिच्यातनं. आता लांबूनच जाऊ, हवं तर तीन शेतं लांब राहू. चूक माझी आहे, आबा.

आबा म्हणाले, तुमची कशाची चूक, शेत मी वलांडलं. त्यांनी कॅमेरा घेतला, मला वाईट वाटू नये म्हणूनच घेतला असणार. काठी रोवली, तिच्या टोकावर लेन्स टेकवली आणि माळाकडं रोखली. कडं हळूहळू शेवटपर्यंत फिरवलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळा माळ बघितला, जिथं मेंढरं दुपारची बसायची ती बाभळ, जिथं छबूबाई चूल मांडायच्या तो दगड. लेन्स पुन्हा मागं फिरवली, पुन्हा सगळा बघितला. चहा उतू गेला तरी त्यांचा डोळा काचेवरून हलेना.

मी विचारलं, "काय दिसतंय, आबा?"

"काय न्हाय," ते म्हणाले. "माळच हाय. पर लई जवळ आलाय."

मी चुलीवरचं भांडं उतरवलं आणि उरला होता तो चहा दोन कपांत ओतला.